प्रेसमडचा गॅस करा, स्लरी मात्र शेताला परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांच्या विषयपत्रिकेत हल्ली एक विषय हमखास असतो : प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस साफ करताना उरणाऱ्या गाळापासून, सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, तयार करण्याचा प्रकल्प. अहवालात ‘जैव अर्थव्यवस्था’, ‘शाश्वत उत्पादन’ असे शब्द येतात, सभासद ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. या प्रकल्पांना आमचा विरोध नाही. मात्र गॅस निघाल्यावर जी स्लरी उरते तिचे काय करणार, हे अहवालात सहसा नसते, आणि प्रकल्प टिकणार की नाही हे बरेचसे त्यावरच ठरते.

सभासदांची तक्रार अशी, की पूर्वी प्रेसमड सवलतीत रानात यायचा, आता गॅसवाले आमचे खत खाऊन टाकणार. ही तक्रार अर्धी खरी आहे. साधारण २५ टन प्रेसमडपासून १ टन सीबीजी मिळतो. त्या २५ टनांत ७० टक्के पाणी धरले तर कोरडा माल साडेसात टन, आणि त्यात सेंद्रिय कर्ब (कार्बन) अंदाजे पावणेतीन टन. गॅसमधला मिथेन आणि वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड मिळून सुमारे ११०० किलो कर्ब बाहेर जातो, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास. उघड्यावर ढीग लावून कंपोस्ट केले तरी जवळपास निम्मा कर्ब हवेतच जातो, आणि त्यातून कुणाच्या टाकीत थेंबभर इंधन पडत नाही. नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी काहीही गॅसबरोबर जात नाही. स्लरी शेतात परत आली तर शेतकऱ्याचे फारसे नुकसान नाही. ती कारखान्यामागच्या खड्ड्यात साचून राहिली, तर मात्र तक्रार पूर्ण खरी.

दुसरा प्रश्न आकाराचा. रोज ५००० टन गाळणाऱ्या कारखान्यात प्रेसमड निघतो उसाच्या सुमारे ४ टक्के, म्हणजे दिवसाला २०० टन. हंगाम १३० दिवसांचा धरला तर २६ हजार टन. वर्षभर प्रकल्प चालवायचा तर एवढ्या मालावर दिवसाला जेमतेम तीन टन गॅस निघेल. तरीही दहा-बारा टनांचे प्रकल्प मंजूर होतात. उरलेला प्रेसमड शेजारच्या कारखान्यांकडून विकत घ्यायचा असे गृहीत असते, आणि शेजाऱ्याचाही प्रकल्प उभा राहतोय हे कुणी विचारात घेत नाही. परिणामी जो माल पूर्वी शंभर-दीडशे रुपये टनाने उचलायला सांगावे लागायचे, त्याचा भाव अनेक पटींनी चढला. त्यात २०२४-२५ मध्ये अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसही चालले नाही. आकडेमोड १३० दिवसांवर करणे म्हणूनच धाडसाचे आहे.

हंगाम संपताना वरच्या हिशोबात सुमारे सोळा हजार टन प्रेसमड साठवावा लागतो. इथेच बहुतेक प्रकल्प मार खातात. ताजा प्रेसमड गरम असतो. सैल ढीग लावला की आत हवा खेळते, तो आणखी तापतो, आतल्या आत कुजतो आणि एप्रिल-मेमध्ये पेटही घेतो. पावसाळ्यात डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस तयार होणाऱ्या बंद टाकीत, जो माल जातो त्यातला गॅस आधीच उडालेला असतो. मग ‘कल्चर (टाकीतले जिवाणू) बिघडले’ म्हणून सल्लागाराला बोलावतात. उपाय मुरघासासारखा आहे : थर देत ट्रॅक्टरने दाबायचा, उंची तीन मीटरपर्यंत ठेवायची, वरून ताडपत्री घट्ट बांधायची आणि रोज लागेल तेवढाच एका बाजूने कापून घ्यायचा. सोळा हजार टनांना त्यासाठी सुमारे दोन एकर पक्की जागा लागते. ती प्रकल्प आराखड्यात आहे का, हे सभासदांनी सभेत जरूर विचारावे.

आपल्याकडे रस गंधकाच्या धुरीने साफ करतात, त्यामुळे प्रेसमडमध्ये सल्फेट असते. डायजेस्टरमध्ये त्याचे हायड्रोजन सल्फाइड होते. हा वायू कॉम्प्रेसर खातो, आणि बंद टाकीत उतरलेल्या कामगाराचा जीवही घेतो. शेतावरच्या छोट्या संयंत्रात थोडी हवा सोडून तो कमी करतात. सीबीजीसाठी ही युक्ती चालत नाही, कारण हवेतला नायट्रोजन गॅसमध्येच राहतो आणि मिथेनचे किमान ९० टक्के प्रमाण गाठणे अवघड होते. लोहाचे क्षार किंवा शुद्ध ऑक्सिजन मोजून द्यावा लागतो, हा खर्च रोजचा आहे. प्रेसमडमधल्या मेणामुळे वर साय धरते, म्हणून ढवळणी पृष्ठभागापर्यंत पोचणारी हवी. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर माती जास्त येते, ती तळाशी बसते. खाद्यटाकीतच वाळू पकडली नाही तर दोन-तीन वर्षांत डायजेस्टरची जागा मातीने भरलेली असते.

आता स्लरी. १० टक्के घन पदार्थ ठेवून डायजेस्टर चालवला तर २५ टन प्रेसमडमध्ये ५० टन पाणी मिसळावे लागते. म्हणजे एक टन गॅसमागे सत्तरेक टन स्लरी. स्क्रू प्रेसने (पिळून काढणाऱ्या यंत्राने) चोथा वेगळा करता येतो, पण पाणी उरतेच. ते पुन्हा पुन्हा आत फिरवले की अमोनिया आणि क्षार वाढतात, जिवाणू मंदावतात आणि गॅस घटतो. पाण्याऐवजी आसवनीचा स्पेंटवॉश, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी, वापरण्याची कल्पना आकर्षक वाटते, कारण त्यातूनही गॅस मिळतो. पण त्याबरोबर सल्फेट आणि पालाश दोन्ही वाढतात, तेव्हा प्रमाण बेताने ठेवावे. स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळून त्याच्या राखेचे पालाशयुक्त खत करणे अधिक शहाणपणाचे. त्यात १४.५ टक्के पालाश असतो आणि देश पालाशची जवळपास सगळी गरज आयातीवर भागवतो.

चोथ्यातही ७० टक्के ओलावा असतो. दहा टनांच्या ट्रकमध्ये सात टन पाणीच वाहून न्यायचे, तर पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे हिशोब बसत नाही. केंद्राने २०२३ मध्ये अशा किण्वित सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये साहाय्य जाहीर केले, पण तेवढ्याने सगळी वाहतूक सुटत नाही. सोपा मार्ग कारखान्याच्या वजनकाट्यावरच उभा आहे. ऊस घेऊन येणारे ट्रक आणि ट्रॅक्टर परत रिकामे जातात. ज्या रानातून ऊस आला त्याच रानात त्याच दिवसांत खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) धरायचा असतो आणि खत तेव्हाच लागते. परतीच्या फेरीत चोथा भरला तर डिझेलचा जादा खर्च अगदी थोडा. अडचण एवढीच, की गाडीवाल्याला पुढच्या खेपेची घाई असते. म्हणून परतीच्या भाड्याची रक्कम तोडणी-वाहतूक करारातच लिहिली पाहिजे आणि भरणी यंत्राने दहा मिनिटांत उरकली पाहिजे.

पातळ स्लरीसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे खोडव्यातले पाचट (तोडणीनंतर रानात राहिलेला वाळलेला पाला). हेक्टरी आठ-दहा टन पाचटात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणून ते कुजवायला ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक देण्याची शिफारस आहे. स्लरीतले नत्र बरेचसे अमोनियाच्या रूपात, लगेच लागू पडणारे असते. तिने यातला काही युरिया वाचतो. पण उन्हात फवारली तर अमोनिया उडून जातो. संध्याकाळी, सरीत, पाण्याबरोबर द्यावी. ठिबकमधून द्यायची असेल तर आधी गाळणी हवीच, नाहीतर तंतूंनी ड्रिपर बंद पडतात. आणि हो, हेच पाचट गासड्या बांधून गॅसप्रकल्पाला विकण्याचा जो नवा सल्ला फिरतो आहे, तो हलक्या, कर्ब उतरलेल्या जमिनीच्या मालकांनी मुळीच ऐकू नये.

मागणी वाढणार हे नक्की. सीबीजीसाठीची केंद्राची ‘सतत’ योजना २०१८ मध्ये ५००० प्रकल्पांचे लक्ष्य ठेवून आली. शहरी गॅस कंपन्यांवर २०२५-२६ पासून १ टक्का सीबीजी मिसळण्याचे बंधन आहे आणि ते २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर जायचे आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये ऊसदराच्या सूत्रात बगॅस आणि मळीबरोबर प्रेसमडचेही उत्पन्न धरले होते. म्हणून कारखाना स्वतःच्याच गॅसप्रकल्पाला प्रेसमड कोणत्या दराने देतो, तो दर ताळेबंदात स्वतंत्र दाखवावा. साखर आयुक्तालयाने गाळप परवाना देताना सीबीजी प्रकल्प असलेल्या कारखान्यांकडून तीन आकडे मागावेत : मागच्या वर्षी किती स्लरी तयार झाली, किती सभासदांच्या शेतात गेली आणि उरलेली कुठे आहे.

आपले,
साखर कारखाने व बायोगॅस प्रकल्पांत काम करणारे काही तंत्रज्ञ, सांगली