भाऊ, तुम्ही ‘नाही’ म्हणालात म्हणून

नमस्कार भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. नागपुरात काटोल रोडकडं ‘ड्रोनवाले भाऊ’ म्हटलं की लग्नाचं आणि प्री-वेडिंगचं शूटिंग करणारे तुम्हीच, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. माझे बाबा, ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, संध्याकाळी फाटक उघडून कुठंतरी निघून गेले. तुमचा नंबर शेजारच्या काकूंनी दिला. दिवाळीत फटाक्यांना भिऊन पळालेला त्यांचा कुत्रा तुम्ही शोधून दिला होता. त्या अजून सांगतात, कुत्रा दिसल्यावर तुम्ही कोणाला हाका मारू दिल्या नाहीत, मागं धावू दिलं नाही, ड्रोनही उंचावरच ठेवला. काकूंना एकट्यांना त्यांची जुनी ओढणी आणि पोळी घेऊन तिथं बसायला लावलंत.

बाबा ड्रोननं सापडले, असं सगळे म्हणतात. सापडलेच. मला मात्र आभार मानायचेत ते त्या रात्री तुम्ही आम्हाला जे जे नकार दिलेत त्यांचे.

पहिला नकार फोनवरच मिळाला. “मिसिंग नोंदवली का? आधी ते करा.” आमचे एक नातेवाईक छातीठोकपणे सांगत होते की चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत. तुम्ही म्हणालात, “असा काही नियम नाही ताई. फोटो घेऊन आत्ताच्या आत्ता जा. अंगावर काय होतं ते लिहून द्या.” तक्रार नोंदवून आम्ही परतलो तर तुम्ही आमच्या ओट्यावर आईशी बोलत बसला होतात. बाबांची नोकरी कुठं होती, शेत कोणत्या बाजूला होतं, रोज फिरायला कुठं जायचे, एकेक विचारून घेतलंत.

बाबांचं जुनं क्वार्टर वर्धा रोडकडं होतं. दादाचा हट्ट की आधी तिकडं ड्रोन न्या. तुम्ही मोबाईलवर नकाशा काढून दाखवलात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडवता येतं, त्यापलीकडं हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, झोनमध्ये ४०० फूट. आणि सोनेगावच्या विमानतळाच्या आसपास तर परवानगीशिवाय विषयच नाही. “तिकडं पोरांना गाडीवर पाठवा. मी शेताची बाजू पाहतो.”

मग आला सगळ्यात जड नकार. रात्री तुम्ही एक बॅटरी संपेपर्यंत ड्रोन फिरवलात आणि खाली उतरवून सांगितलंत की आता पहाटे. माझा तर संताप झाला. माणूस बेपत्ता आहे आणि हे थांबून राहिले! तुम्ही काही न बोलता ड्रोनच्या थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, कॅमेऱ्याची स्क्रीन माझ्यापुढं धरलीत. दगड पांढरे, डांबरी रस्ता पांढरा. “ताई, हा कॅमेरा माणूस नाही दाखवत, गरमीतला फरक दाखवते. माणसाची कातडी साधारण ३३-३४ डिग्री. दिवसभर तापलेली जमीन आत्ता तेवढीच हाय, कुठं जास्तच. फरकच नाही तर दिसन काय? चारला जमीन निवते.” तोवर तुम्ही कोणाला बसूही दिलं नाहीत. टॉर्च घेऊन विहिरी, मंदिरं, बसथांबे आणि संत्र्याच्या बागा पायी पाहायला लावल्यात, कारण संत्र्याच्या दाट पानांखालचं वरून थर्मललाही दिसत नाही.

पहाटे तुम्ही नांगराच्या तासांसारखे सरळ पट्टे धरून पडीक जमीन आणि कोरडा नाला पाहायला लागलात. असे आजारी लोक वाट संपली तरी पुढं चालत राहतात आणि झुडपात नाहीतर ओढ्यात अडकतात, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. मी तुमच्या खांद्यामागून पाहत होते. करड्या पडद्यावर पांढरे ठिपके. दोन ठिपके पळाले, “कुत्रे.” मोठे चार-पाच एका जागी, “गाई.” मग बाभळीच्या बुडाशी एक, लांबट, वाकलेला. ड्रोन जवळ आला तरी हलला नाही. तुम्ही झूम केलंत आणि मला तो हात दिसला, गुडघ्यावर ठेवलेला, बाबा ठेवतात तसा.

मी म्हटलं, खाली घ्या, नीट पाहू द्या. पुन्हा नाही. आवाजानं घाबरून उठले, पडले तर? ड्रोन तिथंच उंचावर थांबवून लुकलुकता दिवा खूण म्हणून ठेवलात, दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकलंत आणि १०८ ला फोन करायला लावलात. पाणी घोटघोटच द्या, असंही बजावलंत. बाबा शुद्धीवर होते. दादाला पाहून त्यांनी विचारलं, “मोटर बंद केली का?” शेत विकूनही जमाना झाला.

नंतर मोहल्ल्याच्या ग्रुपवर व्हिडिओची मागणी सुरू झाली. बाबांचं धोतर सुटलं होतं, अंगभर माती होती. तुम्ही आमच्यासमोर कार्ड रिकामं केलंत. कोणी तरी रील करायचं म्हणालं, त्याला दिलेलं तुमचं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही, पण आईला ते फार आवडलं.

आता दोन कामाच्या गोष्टी. एक म्हणजे, तुमचा नंबर लोक माझ्याकडं मागून राहिले. परवा एकीची मांजर हरवली होती. मांजर बहुतेक घराजवळच कुठंतरी दडून बसते, जिन्याखाली, गाडीखाली आधी पाहा, हे तुमचंच वाक्य मी तिला ऐकवलं. नंबर द्यायचा की नाही, आणि कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, तेवढं कळवा.

दुसरं, पाकीट तुम्ही घेतलं नाहीत ते नाहीच. पण बॅटऱ्या आणि पेट्रोल फुकट येत नाहीत, तेव्हा त्याचा हिशोब दादा करणार आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही. रविवारी वहिनी-मुलांना घेऊन जेवायला या. आई गोळाभात करणार आहे.

तुमची,
काटोल रोडवरची ताई