टोल माफ, पण चार्जिंगचे काय?

महोदय,

२०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही ही विजेवर चालणारी मोटार आली, तेव्हा कर्वे रस्त्यावर अशी हिरव्या नंबरपाटीची मोटार दिसली की लोक वळून बघत. आता आमच्या कोथरूडच्या जुन्या सोसायटीतच अशा चार गाड्या आहेत. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांना टोलमाफीही आहे.

अडते ते पार्किंगमध्ये. स्वतःच्या मीटरवरून सोळा अँपिअरचा चार्जिंग पॉइंट घेण्यासाठी मी आठ महिने समितीकडे खेटे घालतोय. ‘आग लागली तर?’ ही भीती रास्तच; पण त्यासाठीच स्वतंत्र वायर, एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग हवे. परवानगीअभावी शेजारी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतात, खरा धोका तिथे आहे. महावितरणने जुन्या सोसायट्यांना सोप्या मराठीत नियमावली पाठवावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, कोथरूड, पुणे