टोकन देऊ नकोस

कराड, मंगळवार रात्री

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाड्यांचे फोटो बाळ्याने मोठे करून दाखवले. फोनवर सांगायला गेलो की तू नुसतं ‘हो अण्णा, हो अण्णा’ करतेस आणि मग आई फोन काढून घेते, म्हणून लिहून काढतोय. बाळ्या याचा फोटो पाठवील. रात्रीच्या ड्रायव्हिंगविषयी एक अक्षर लिहायचं नाही असं आईने बजावलंय. तेव्हा फक्त गाडीचं लिहितो.

ती लाल स्विफ्ट सोडून दे. बॉनेट आणि लाइटमधली फट एकीकडे बारीक आहे, दुसरीकडे बोट जाईल एवढी. फोटोत दिसतंय, मग समोर काय असेल! कुठलीही गाडी बघताना आधी बॉनेट उघडून बिजागरीचे बोल्ट बघायचे. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, पाना लागला की कोपऱ्यांचा रंग उडतो. बंपर बदलला, दार रंगवलं, एवढ्याने नाही म्हणू नकोस. पुण्यात फिरलेली गाडी खरचटणारच. पण दाराचं रबर ओढून आतला पत्रा बघ. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके ओळीने बोटाला लागतात. ते गायब असतील आणि तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल, तर पिलर, म्हणजे दाराशेजारचा खांब, कापून जोडलाय. मग फुकट दिली तरी नको.

सीट बेल्ट मागचेसुद्धा शेवटपर्यंत ओढून बघ. पुरात उभी राहिलेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण-महाड, किती गाड्या पाण्यात गेल्या ते तू बघितलंयस. आणि मोठा मार बसलेल्या गाडीचा पट्टा नीट ओढला जात नाही. तुझ्या गाडीचा मी अपघातानंतर यार्डात ओढून बघितला. अर्ध्यावर अडकला होता. बाळ्या म्हणाला, अण्णा, चला, कागद घेतले ना सगळे. तुझ्या खांद्यापासून खाली गेलेला काळानिळा वळ आईने बघितलाय. मी बघितलेला नाही, तिने सांगितलं तेवढंच.

दिवस मावळायच्या आत निघत जा गं. एवढंच.

असो. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय असं समज. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं कव्हर बसवून गाडी विकणारे महाभाग आहेत. साल बघताना एप्रिल 2019 च्या आधीची गाडी नको. त्यानंतर बनलेल्या प्रत्येक गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकत नाहीत, जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅगही आली. शेजारच्या सीटची मात्र सगळ्या गाड्यांना सक्तीने यायला 2022 उजाडलं. त्यामुळे खालचं मॉडेल असेल तर डॅशबोर्ड नीट बघ, शेजारी आई बसणार आहे. तुझ्या यादीतली 2020 ची टियागो मला बरी वाटते. त्या मॉडेलला धडक-चाचणीत चार तारे आहेत. वॅगनआर जागेला मोठी, विकायलाही सोपी, काका तिच्याच मागे लागलेत. पण पत्र्याच्या बाबतीत काकांचं ऐकू नकोस. त्यांनी घेतलेल्या जीपचं काय झालं ते तुला माहीत आहे.

किलोमीटरवर विश्वास ठेवू नकोस, मीटर मागे करणारे गल्लोगल्ली आहेत. क्लचच्या पेडलचं रबर बघ. मीटर तीस हजार म्हणतोय आणि रबर गुळगुळीत झालंय, तर खोटं कोण बोलतंय ते कळतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते ताडून बघ. विकणाऱ्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे तेही विचार. वर्षानुवर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला शून्य असेल तर बहुतेक वर्षभरात क्लेम झालाय, मग तो कशाचा ते विचारायचं. तो बोनस त्याचा, तुला मिळत नाही. तुझा तर या टोटल लॉसमध्ये गेलाच, तेव्हा विम्याचे जादा पैसे बाजूला ठेव. आरसीवर बँकेचा बोजा नको, ई-चलान थकलेलं नको, गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या समोर घे. आणि आपली जुनी गाडी भंगारात गेली तरी आरटीओत अजून तुझ्याच नावावर आहे, ते रद्द झाल्याचा कागद माझ्या हातात दे.

परीक्षेचा पेपर काढल्यासारखं झालं हे. राग मानू नकोस. तुला यातलं निम्मं येतं. एसटी डेपोत तू खड्ड्याच्या कडेला बसून मला पाने द्यायचीस. सतराचा म्हटलं की सतराचाच, हेल्परपेक्षा हुशार. फ्रॉकला ग्रीस लागलं म्हणून आईची बोलणी मी खायचो. कारखान्याच्या मैदानावर मामांच्या मारुती आठशेवर शिकलीस तेव्हाही पहिल्याच दिवशी क्लच न दचकता सोडला होतास. अजून सांगतो मी हे लोकांना. आणि आता हेही सांगतो, की दिवा नसलेला उभा ट्रक समोर आल्यावर पोरीने सरळ आत न घुसवता गाडी डावीकडे काढली, आणि 108 ला फोनही स्वतःच केला. स्टँडवरच्या चहावाल्यालासुद्धा तोंडपाठ झालंय. तो म्हणतो, मग अण्णा, एवढी तयार पोरगी आहे तर तुम्ही का घाबरता?

चहावाल्याला काय सांगायचं, सायली? शेंद्रे ते कागल रस्त्याचं काम चालू आहे, कुठला डायव्हर्जन कुठे वळवतील ते दिवसासुद्धा कळत नाही. रातराणीचा ड्रायव्हर दिवसभर झोपून मग स्टेअरिंगवर बसायचा. तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस आणि आठ वाजता खंबाटकी चढायला निघतेस. आईची तपासणी शनिवारी सकाळी असते म्हणून येतेस, हे कळतं मला. तपासणीला मी नेईन, बाळ्या नेईल. तू दुपारी ये. चार तारे असोत नाहीतर पाच, रात्री नको.

बघ, लिहिलंच.

टियागोवाल्याला सांग, रविवारी सकाळी येतो, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नको. इंजिन थंड असताना पहिला सेल मारलेला मला ऐकायचाय. मी शनिवारी दिवसाच्या एसटीने स्वारगेटला उतरतो. आई कडबोळी देणार आहे, तुझ्या मैत्रिणीलाही ठेव. गाडी पसंत पडली तरी रविवारी लगेच ती घेऊन कराडला निघायचं नाही, नाव लागेपर्यंत पुण्यातच राहू दे.

तुझा,
अण्णा

ता.क. मी येईपर्यंत टोकन देऊ नकोस. पाचशेसुद्धा नको.