बाबांच्या ब्रशबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ब्रश मोडलाय का? मग बदलायचा कशाला?" तेव्हा वाद घातला नाही, म्हणून आता लिहिते.

बाबा, ब्रश मोडत नाही, त्याचे केस कामातून जातात. १९३८ साली नायलॉनचे केस आले, त्याआधी ते डुकराचे असायचे. नायलॉन टिकाऊ खरं, पण रोज दोनदा घासून तेही झिजतं, वाकतं, शेवटी फेंदारतं. फेंदारलेला केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या फटीत शिरत नाही, नुसता दातावरून फिरतो. आणि कीटण साचतं ते नेमकं त्या फटीत. वेळेवर निघालं नाही, तर लाळेतल्या क्षारांनी ते दगडासारखं घट्ट होतं. मग कुठलाच ब्रश कामाचा नाही, डेंटिस्टकडेच जावं लागतं.

अमेरिकन डेंटल असोसिएशन सांगते, ब्रश तीन ते चार महिन्यांनी बदला, आणि केस त्याआधी विस्कटले तर लगेच. मला यातला दुसरा भाग जास्त पटतो. तारखा कोण लक्षात ठेवतं! केसांकडे बघितलं की कळतं. इलेक्ट्रिक ब्रशच्या डोक्यालाही हाच हिशेब.

पण तुमचा ब्रश महिन्याभरातच फुलतो, असं आई म्हणाली. तसं असेल तर दोष ब्रशचा नाही, हाताचा आहे. तुम्ही जोर लावता. जोराने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट हिरड्या खाली सरकतात, दाताची मुळं उघडी पडतात आणि गार पाणी झोंबायला लागतं. झोंबतं ना तुम्हाला? ब्रश बोटांच्या टोकांनी धरा, हिरडीकडे थोडा तिरका, आणि हळूहळू, दोन मिनिटं. नवा घ्याल तो 'सॉफ्ट'च घ्या. कडक ब्रश म्हणजे चांगला ब्रश, हा समज आता सोडा.

चिनूचा ब्रश मात्र चार महिने पुरणार नाही. तो घासतो कमी आणि चावतो जास्त.

वापरून झालं की ब्रश धुऊन उघड्यावर, उभा ठेवा. टोपण घालून ओला ठेवला की त्यावर जंतू वाढायला मोकळे. एकमेकांचा वापरायचा नाही, हे सांगायला नकोच.

आई, तुझ्या हिरडीतून रक्त येतं म्हणून तू तिथे घासणं सोडलं आहेस, ते मात्र चूक. बहुतेक वेळा साचलेल्या कीटणानेच हिरडी सुजते आणि रक्त येतं, म्हणून तिथेच हलक्या हाताने घासायचं. आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर डेंटिस्टला दाखव, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुमची,
सुमा