शेअर उघडत नाही म्हणून केबल बदलू नका

संपादक महोदय,

लिनक्स सर्व्हरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपग्रेड केला की नेटवर्कवरचं शेअर, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं सामायिक फोल्डर, माउंटच होत नाही, म्हणजे जोडलंच जात नाही, ही तक्रार सारखी ऐकू येते, आणि एरर काय तर ‘होस्ट इज डाउन’, त्यामुळे लोक स्विच, केबल, फायरवॉल सगळं तपासत बसतात आणि समोरचं मशीन तर पिंगला (जोडणी तपासायच्या कमांडला) व्यवस्थित उत्तर देत असतं! बऱ्याचदा खरं कारण वेगळंच असतं. २०१७ मध्ये लिनक्स कर्नल ४.१३ पासून सिफ्स माउंटसाठी (अशी शेअर जोडायच्या लिनक्सच्या सोयीसाठी) एसएमबी १, म्हणजे फाइल शेअर करायच्या एसएमबी प्रोटोकॉलचं पहिलं व्हर्जन, हे डिफॉल्ट राहिलं नाही, नवीन व्हर्जन आलं, आणि काही जुन्या स्टोरेज बॉक्सना फक्त एसएमबी १ च कळतं. आधी डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, मग माउंट ऑप्शनमध्ये एसएमबीचं व्हर्जन स्पष्ट लिहून बघा, २.० पासून सुरू करा. फक्त १.० वरच चालत असेल तर ते तात्पुरतंच ठेवा, कारण त्याच वर्षी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या एसएमबी १ मधल्याच त्रुटीतून धुमाकूळ घातला होता. आणि नवीन कर्नलवर शेअर नीट चालेपर्यंत जुना कर्नल काढून टाकू नका, बूट मेनूतून परत जाता येतं.

आपला,
एक वाचक