कलमातील क्रियापदाचा काळ

महोदय,

कायद्याच्या कलमातील व्याख्यांवर भरपूर खल होतो, क्रियापदाच्या काळावर मात्र क्वचितच. प्रत्यक्षात एखाद्याची शिक्षा त्यावरच ठरू शकते. अमेरिकेतील २००६ च्या एका कायद्याने लैंगिक गुन्हेगारांना नोंदणी बंधनकारक केली आणि जो आंतरराज्य प्रवास ‘करतो’ व जाणूनबुजून नोंदणी टाळतो, त्याला शिक्षा सांगितली. कायदा होण्याआधीच दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला हे कलम लागू पडते का, या प्रश्नावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी नकारार्थी उत्तर दिले. वर्तमानकाळी शब्दयोजनेत भविष्यातील कृती येते, मागची सहसा येत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

उलट, मुंबई पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ५७ मधील हद्दपारीसाठी कायद्यापूर्वीची दोषसिद्धीही विचारात घेता येते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मानले. तेथील इंग्रजी पाठातील पूर्ण वर्तमानकाळातून कायद्यापूर्वीची दोषसिद्धीही धरावी किंवा फक्त नंतरचीच, असे दोन्ही अर्थ निघू शकत होते. शेवटी निर्णायक ठरला तो जनतेच्या संरक्षणाचा हेतू.

हेतूचा असा आधार घेणे योग्यच आहे, परंतु दंडविधानात (आणि हद्दपारी शिक्षेहून फारशी सौम्य नसते) व्याकरणाने दिलेले संरक्षण हेतूच्या नावाखाली सैल करणे मला धोक्याचे वाटते. तेव्हा मसुदाकारांनी कोणत्या तारखेपासूनची कृती अभिप्रेत आहे, हे कलमातच स्पष्टपणे लिहावे.

एक वाचक