रॅम्पच्या वळणावरील लोखंडी अँगल काढून कर्बची कड उतरती करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : बेसमेंट रॅम्पच्या वळणावर गाड्यांच्या रिम व टायरचे होणारे नुकसान

महोदय,

रॅम्पवर ‘गाडी सावकाश चालवा’ असा फलक लावण्याचे समितीने ठरवले आहे. फलक जरूर लावा, पण रिम घासण्याचा वेगाशी फारसा संबंध नाही. त्या वळणावर गाड्या ताशी पाच-सात किलोमीटरनेच जातात आणि तरी घासतात. वळताना मागचे आतले चाक पुढच्या चाकाच्या मागावरून न जाता आणखी आतून जाते. व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) अडीच मीटर आणि पुढच्या आतल्या चाकाच्या वळणाची त्रिज्या पाच मीटर धरली, तर हा फरक सुमारे ६७ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पुढचे चाक कर्बपासून (रॅम्पच्या कडेच्या काँक्रीटच्या उंच काठापासून) दोन फूट लांब ठेवूनही मागचे चाक कर्बला लागते.

दुसरे कारण कर्बची उंची. ती १५० मिलिमीटर आहे. २०५/५५ आर १६ टायरची रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे जेमतेम ११३ मिलिमीटर. गाडीच्या वजनाने ती आणखी दबते, हवा कमी असेल तर जास्तच. त्यामुळे कर्बची वरची कड टायरला न लागता थेट रिमच्या ओठावर येते. त्यात कडेला ५० मिलिमीटरचा लोखंडी अँगल (एल आकाराची पट्टी). काँक्रीट फुटू नये म्हणून तो बसवला, पण मागे पाणी मुरून पकडी गंजल्या आणि तो दोन ठिकाणी बाहेर आला आहे. अलॉय रिमला काँक्रीटने ओरखडा पडतो. या अँगलने खाच पडते.

ओरखडा घासून, भरून, रंगवून निघतो. डायमंड-कट रिम (ज्याचा दर्शनी धातू कातून चकचकीत केलेला असतो) मात्र पुन्हा लेथवर लावून कातावा लागतो, आणि दर वेळी धातू कमी होत असल्याने हे वारंवार करता येत नाही. रिमचा ओठ वाकला तर हवा हळूहळू गळते. टायरच्या बाजूला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात; तिथे पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो.

आमची मागणी वळणाच्या आतल्या बाजूच्या सुमारे चार मीटर लांबीपुरतीच आहे. अँगल पूर्ण काढावा. मग वरची कड ५० बाय ५० मिलिमीटर, ४५ अंशात उतरती कापावी. उभा भाग १०० मिलिमीटरच राहील, त्यावरचा उतार रिमपासून मागे सरेल आणि आधी टायर टेकेल. मोठ्या डायमंड कटरने काप घेऊन ग्राइंडरने गुळगुळीत करावे, पाणी मारत, नाहीतर धूळ लॉबीपर्यंत जाईल.

मात्र कापण्याआधी एक खात्री हवी. कर्ब सुटा प्रीकास्ट (आधी साच्यात ओतून मग बसवलेला) असेल तर हरकत नाही. तो स्लॅबबरोबर ओतलेला असेल तर सळई उघडी पडून गंजेल, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये. फुटलेले कोपरे साध्या सिमेंट-वाळूने लिंपू नयेत, पहिल्याच धक्क्याला पोपडा निघतो. पॉलिमर मिसळलेला रिपेअर मॉर्टर वापरावा. रबरी पट्टी लावायचीच झाली तर नुसत्या गोंदावर टिकत नाही. बोल्ट मारावेत, पण त्यांची डोकी रबरात बुडालेली हवीत, नाहीतर तीच टायर फाडतील. पिवळा-काळा रंग सगळ्यात शेवटी. नुसत्या रंगाने एवढेच होते की घासलेला रिम पिवळा दिसतो.

सदस्यांसाठी सूचना द्यायची असेल तर एवढीच पुरे : वळण बाहेरच्या बाजूने रुंद घ्यावे, आतल्या बाजूचा आरसा मागचे चाक दिसेल इतका खाली झुकवावा, आणि हवा दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरावी.

काम पावसाळ्याआधी व्हावे आणि पुढच्या समिती बैठकीत त्याचा खर्च मंजुरीसाठी घ्यावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
बी विंगमधील गाडीधारक सदस्य